ऐंशीच्या दशकातली गाजलेली गाणी : या चाली नेमक्या कुठून आल्या?

गंगापूररोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी गायकांच्या गटाने यंदा कोजागरीच्या सुमारास सार्वजनिक वाचनालयाच्या औरंगाबादकर सभागृहात केवळ ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा कार्यक्रम करायचे ठरवले असून निवेदनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. नाशिकमध्ये जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना तोटा नाही, पण बहुतेक ठिकाणी निवेदन म्हणजे चित्रपटाचे नाव, संगीतकाराचे नाव आणि त्यानंतर 'त्या सोनेरी काळात' अशी सुरुवात असलेले चार गोड गोड उद्गार, एवढेच असते. तसे करायचे नाही, तर गाणे मुळात कुठून आले, चाल कुणाची, शब्द कुणाचे आणि ते या चित्रपटात कसे पोहोचले हे थोडक्यात सांगायचे, असे आमच्या बैठकीत ठरले.

अडचण अशी की, माहिती गोळा करायला बसल्यावर दोन टोकाची मते समोर आली. एका गटाचे म्हणणे असे की ऐंशीचे दशक म्हणजे नुसती उचलेगिरी होती आणि त्यातली निम्मी गाणी परदेशी तबकड्यांवरून उतरवलेली आहेत. दुसऱ्या गटाला हे मान्य नाही, त्यांच्या मते सूर सातच असल्यामुळे साम्य असायचेच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्या तर अशा आहेत की एकाच गाण्याचे मूळ एकीकडे स्पेनमध्ये आणि दुसरीकडे अरबस्तानात दाखवलेले असते. सभागृहात जाणकार श्रोते असणार, त्यामुळे व्यासपीठावरून काही भलतेच बोलले जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

आमच्या यादीत तूर्त ही गाणी आहेत : 'कुर्बानी'तले 'आप जैसा कोई', 'प्यारा दुश्मन'मधले 'हरी ओम हरी', 'डिस्को डान्सर'मधले 'जिमी जिमी', 'सिलसिला'तले 'रंग बरसे', 'बाजार'मधले 'करोगे याद तो', 'सदमा'तले 'ऐ जिंदगी गले लगा ले', 'कलाकार'मधले 'नीले नीले अंबर पर', 'मिस्टर इंडिया'तले 'हवा हवाई', 'तेजाब'मधले 'एक दो तीन', 'त्रिदेव'मधले 'ओये ओये' आणि 'मैंने प्यार किया'तली दोन गाणी. मराठीतले 'अश्विनी ये ना' नक्की आहे, आणखी एकदोन मराठी गाणी घ्यायची आहेत. यांपैकी कोणत्या गाण्यांबद्दल निःशंकपणे काय सांगता येईल, याविषयी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कीबोर्ड_पंचवटी

सर, त्या काळात मी नाशिकच्याच एका वाद्यवृंदात आधी अकॉर्डियन आणि नंतर कीबोर्ड वाजवत असे. गणेशोत्सवात मंडळामंडळांतून कार्यक्रम असत आणि नवे गाणे गाजले की आठवड्याभरात ते बसवावे लागे. छापील स्वरलिपी कुठून मिळणार? कॅसेट पुढे-मागे करत एकेक तुकडा कानाने उतरवायचा, हाच मार्ग होता. त्यामुळे तुमच्या यादीतल्या बहुतेक गाण्यांच्या चाली मला वाजवून माहीत आहेत. मूळ गाणी मात्र बरीच नंतर ऐकायला मिळाली, कारण देवळाली कॅम्पातल्या एखाद्या घरी इंग्रजी तबकड्या असल्या तरच ते शक्य होते.

सुरुवात 'आप जैसा कोई'पासून करतो, कारण यादीतले सर्वांत परदेशी वाटणारे हे गाणे कशाचीही नक्कल नाही. 'कुर्बानी' 1980 चा. त्यातली बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजी यांची आहेत, पण हे एकच गाणे फिरोज खान यांनी लंडनस्थित संगीतकार बिद्दू यांच्याकडून करून घेतले. बिद्दू मूळचे बेंगळुरूचे, आणि 1974 मध्ये जगभर गाजलेले 'कुंग फू फायटिंग' हे त्यांनीच निर्माण केलेले ध्वनिमुद्रण. गायिका नाझिया हसन त्या वेळी जेमतेम पंधरा वर्षांची, कराचीत जन्मलेली आणि लंडनमध्ये वाढलेली मुलगी. गाणे लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले, त्यामुळे त्यातला ढोल-बास यांचा नाद मुंबईच्या ध्वनिमुद्रणांपेक्षा वेगळा ऐकू येतो आणि आम्हाला तो मंचावर कधीही जमला नाही. नाझियाला या गाण्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी बिद्दू यांच्यासोबतचा तिचा 'डिस्को दीवाने' हा संग्रह आला. परदेशी गाण्याची चाल उचलण्याऐवजी ती बनवणारा माणूसच बोलावला, असे हे उदाहरण आहे, म्हणून कार्यक्रमाचा आरंभ याने करावा असे मी सुचवेन.

'हरी ओम हरी' मात्र सरळसरळ उतरवलेले आहे. 'वन वे तिकीट' हे गाणे नील सेडाका यांनी 1959 मध्ये गायले होते, त्यानंतर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'इरप्शन' या गटाने ते डिस्कोच्या ठेक्यावर पुन्हा केले, आणि बप्पी लाहिरी यांनी 1980 मध्ये उषा उथुप यांच्याकडून गाऊन घेतले ते या दुसऱ्या आवृत्तीवरून. म्हणजे मूळ गाणे अमेरिकन, त्याचे नवे रूप युरोपातले आणि आपल्याकडे आले ते या नव्या रूपाचे हिंदी रूप. व्हॉट्सॲपवरच्या याद्यांत एकाच गाण्याची दोन-तीन मुळे का सापडतात, याचे उत्तर पुष्कळदा अशा प्रवासात असते आणि त्यातली प्रत्येक यादी आपापल्या परीने अर्धी खरी असते.

'जिमी जिमी'चे मूळ फ्रान्समधल्या 'ओतावान' या जोडीचे 1980 चे 'ते ओके' हे गाणे होय. 'डिस्को डान्सर' 1982 च्या डिसेंबरचा, म्हणजे मध्ये जेमतेम दोन वर्षे गेली. त्याच चित्रपटातल्या 'कोई यहां नाचे नाचे'ची चाल 'बगल्स' या ब्रिटिश जोडीच्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' या 1979 च्या गाण्यावरून घेतली आहे. पण इथे एक गोष्ट आवर्जून सांगावी. पार्वती खान यांच्या आवाजातले 'जिमी जिमी' सोव्हिएत संघात इतके लोकप्रिय झाले की तिथल्या एका पिढीला हे गाणे म्हणजे हिंदी चित्रपट असे वाटू लागले, आणि 2007 मध्ये ब्रिटनमधल्या एम.आय.ए. या गायिकेने ते पुन्हा इंग्रजीत केले तेव्हा तिने आधार घेतला तो बप्पींच्या गाण्याचा. वाजवणारा म्हणून सांगतो, फ्रेंच गाण्यात चाल सरळ धावते, तर बप्पींनी शब्दांच्या फेकीत आणि मधल्या वाद्यमेळात जो नाटकीपणा भरला तो त्यांचा स्वतःचा आहे.

आता 1989 कडे येतो. 'त्रिदेव'मधले 'ओये ओये' ही आरोळी आणि तिच्याखालचा ठेका ग्लोरिया एस्टेफान आणि 'मायामी साउंड मशीन' यांच्या 1987 च्या 'रिदम इज गोना गेट यू' या गाण्यातून आला आहे. संगीत कल्याणजी-आनंदजी यांच्या नावावर आहे आणि विजू शाह यांचा त्यात मोठा हात होता. त्या वर्षी नाशिकमधल्या प्रत्येक लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी हे गाणे वाजवले आणि ट्रंपेटवर ती आरोळी काढताना त्यांचे गाल फुगलेले मी पाहिले आहेत. कडव्यांची चाल मात्र मूळ गाण्यात नाही. म्हणून या गाण्याला 'हरी ओम हरी'च्या रांगेत बसवू नये.

'मैंने प्यार किया'चे संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे विजय पाटील, हे आपल्या नागपूरचे. दादा कोंडके यांच्या 1975 च्या 'पांडू हवालदार'मधून पुढे आलेला हा संगीतकार. 'आते जाते हंसते गाते'ची चाल स्टीव्ही वंडर यांच्या 1984 च्या 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू'ची आहे, आणि 'मेरे रंग में रंगनेवाली'च्या सुरुवातीचा तुताऱ्यांसारखा वाजणारा सिंथेसायझरचा तुकडा 'युरोप' या स्वीडिश गटाच्या 1986 च्या 'द फायनल काउंटडाउन'मधला. पहिल्यात मुखडाच घेतलेला आहे, दुसऱ्यात केवळ सुरुवातीचा वाद्यमेळ, गाण्याची चाल वेगळी आहे. दोन्ही गाणी एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी गायली असल्याने ती एकामागोमाग एक घेतली तर हा फरक श्रोत्यांना कानानेच कळेल.

दक्षिणेकडून आलेल्या गाण्यांबद्दल रात्री लिहितो. पंचवटीत आज वीज जाते-येते आहे.

सातपूरचा_श्रोता

वरचे सगळे वाचले आणि आवडलेही, पण मला एक सरळ प्रश्न विचारायचा आहे. चाल दुसऱ्याची होती, हे ठाऊक असताना श्रेयनामावलीत त्या माणसाचे नाव का नव्हते आणि त्याला पैसे का मिळाले नाहीत? कारखान्यात दुसऱ्याने काढलेला आराखडा आपल्या नावाने खपवला तर नोकरी जाते. मुखडा घेतला की आरोळी घेतली की नुसता वाद्यमेळ घेतला, याचा हिशेब वाजवणाऱ्यांनी जरूर ठेवावा, परंतु व्यासपीठावरून सांगताना 'प्रेरणा' वगैरे गुळगुळीत शब्द वापरून लोकांची दिशाभूल करू नये, अशी निवेदकांना विनंती आहे.

कीबोर्ड_पंचवटी

सातपूरकर, तुमचा राग रास्त आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. परंतु याच बप्पी लाहिरींची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1981 च्या 'ज्योति' या चित्रपटात लता मंगेशकर यांनी गायलेले 'थोडा रेशम लगता है' हे त्यांचे गाणे. 2002 मध्ये अमेरिकेत 'ॲडिक्टिव्ह' नावाचे गाणे गाजले, त्यात या जुन्या ध्वनिमुद्रणाचा मोठा तुकडा तसाच्या तसा वापरलेला होता आणि बप्पींचे नाव कुठेही नव्हते. प्रकरण तिथल्या न्यायालयात गेले आणि 2003 मध्ये, बप्पींचे नाव दिल्याशिवाय त्या ध्वनिमुद्रिकेची विक्री करू नये, असा आदेश झाला. म्हणजे जो प्रश्न तुम्ही बप्पींना विचारत आहात, तोच प्रश्न त्यांनी स्वतः अमेरिकन निर्मात्यांना विचारला आणि जिंकलाही.

आता दक्षिणेकडच्या गाण्यांबद्दल. तुमच्या यादीत 'सदमा' आणि 'कलाकार' ही दोन्ही नावे असणे हा मोठाच योग आहे, कारण दोन्ही चित्रपट 1983 चे, दोन्हींतल्या चालींचे मूळ तमिळमध्ये, आणि मूळ संगीतकारही एकच, इळैयराजा.

'सदमा' हा बालू महेंद्र यांनी स्वतःच्याच 1982 च्या 'मून्ड्राम पिरै' या तमिळ चित्रपटाचा केलेला हिंदी अवतार. कमल हासन आणि श्रीदेवी दोन्हींत आहेत आणि संगीतही दोन्हींत इळैयराजांचेच. 'सुरमई अंखियों में' ही अंगाई मूळ तमिळमध्ये कण्णदासन यांनी लिहिली होती. ते त्यांचे अखेरचे चित्रपटगीत ठरले, कारण 1981 च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले आणि चित्रपट त्यांच्या पश्चात प्रदर्शित झाला. हिंदीत त्याच चालीवर गुलजार यांनी शब्द लिहिले आणि दोन्ही भाषांत ती येशुदास यांनीच गायली. तुमच्या यादीतल्या 'ऐ जिंदगी गले लगा ले'चेही तसेच. तमिळमध्ये येशुदास, हिंदीत आपले कोल्हापूरचे सुरेश वाडकर. तयार चालीवर लिहायचे म्हटले की अक्षरे मोजून बसवावी लागतात, पण गुलजारांच्या ओळी ऐकताना चाल आधीची आहे, असे कुठेही जाणवत नाही.

'नीले नीले अंबर पर'ची कथा निराळी. त्याची मुखड्याची चाल आणि ते सुप्रसिद्ध गिटारचे काम 1982 च्या 'पयणंगळ मुडिवदिल्लै' या तमिळ चित्रपटातल्या 'इळैय निला' या गाण्याचे आहे. ते एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी गायले होते. हिंदीत किशोरकुमार यांनी गायले, शब्द इंदीवर यांचे, आणि संगीतकार म्हणून नाव कल्याणजी-आनंदजी यांचे. गिटार शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने हे गाणे वाजवले असेल, पण त्यांतल्या फार थोड्यांना ते मुळात इळैयराजांच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेले काम आहे हे माहीत असते. तुमच्या गिटारवादकाला मूळ तमिळ गाणे एकदा शांतपणे ऐकवा. तो ते तुकडे पूर्वीपेक्षा मन लावून वाजवील याबद्दल मला शंका नाही.

निवृत्त_प्राध्यापिका_नाशिकरोड

चर्चा चालींभोवतीच फिरते आहे, म्हणून शब्दांच्या बाजूने थोडे लिहिते. ऐंशीच्या दशकावर उचलेगिरीचा शिक्का बसला, पण याच दशकात जुन्या आणि समकालीन कवितेला चित्रपटाने जितकी जागा दिली तितकी आधीही क्वचितच मिळाली होती. गाण्याचे मूळ पुस्तकातही असू शकते, हे व्यासपीठावरून सांगितले जावे.

'बाजार' हा 1982 चा चित्रपट, दिग्दर्शक सागर सरहदी, संगीत खय्याम यांचे. त्यातले 'दिखाई दिए यूं' ही अठराव्या शतकातल्या मीर तकी मीर यांची गझल आहे, 'फिर छिडी रात बात फूलों की' ही हैदराबादचे कवी मखदूम मोहिउद्दीन यांची, आणि तुमच्या यादीतले 'करोगे याद तो हर बात याद आएगी' हे बशर नवाज यांचे. बशर नवाज औरंगाबादचे, म्हणजे आपल्या शेजारच्या शहरातले. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले. नाशिकच्या सभागृहात हे गाणे गायले जात असताना कवी मराठवाड्याचा होता, एवढे जरी निवेदनात आले तरी श्रोते गाणे वेगळ्या जिव्हाळ्याने ऐकतील. गायक भूपिंदर सिंग यांचे नाव सर्वांना माहीत असते, कवीचे नाव मात्र मी आजवर एकाही कार्यक्रमात ऐकलेले नाही.

त्याच वर्षीच्या 'निकाह'मधली 'चुपके चुपके रात दिन' ही गझल मौलाना हसरत मोहानी यांची. 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा देणारे हेच स्वातंत्र्यसैनिक. ते 1951 मध्ये गेले, म्हणजे त्यांची ही गझल चित्रपटात आली ती त्यांच्या निधनानंतर तीन दशकांनी आणि गुलाम अली यांच्या मैफलींतून आधीच लोकप्रिय होऊन. 1985 च्या 'गुलामी'तल्या 'जिहाल-ए-मिस्कीं'चा आरंभ तर गुलजारांनी थेट अमीर खुस्रो यांच्याकडून घेतला. खुस्रोंच्या मूळ रचनेत एक ओळ फारसीत आणि दुसरी ब्रजभाषेत अशी वीण आहे. गुलजारांनी फारसी शब्दांनी सुरुवात करून पुढचे गीत आपल्या शैलीत रचले. अर्थ कळो न कळो, त्या काळात हे गाणे रिक्षात, पानाच्या टपरीवर, सगळीकडे ऐकू येत असे.

लोकगीतांचा विचारही यातच येतो. 'सिलसिला' 1981 चा, संगीत शिव-हरी, म्हणजे पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचे. 'रंग बरसे'चे गीतकार म्हणून हरिवंशराय बच्चन यांचे नाव असले तरी त्याचा पाया उत्तरेकडच्या होळीच्या गाण्यांचा आणि मीरेच्या नावाने गायल्या जाणाऱ्या भजनाचा आहे. त्याच वर्षीचे 'लावारिस'मधले 'मेरे अंगने में' हेही उत्तर प्रदेशातल्या बायकांच्या पारंपरिक गाण्यावरून आलेले, आणि 1981 च्या बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत तेच पहिले आले होते. सातपूरच्या श्रोत्यांनी विचारलेला श्रेयाचा प्रश्न इथेही लागू होतोच, फरक एवढाच की इथे दावा करायला कुणी एक माणूस उभा नाही. ज्या बायकांनी हे गाणे अंगणात पिढ्यान्‌पिढ्या गायले, त्यांची नावे कुठल्याच तबकडीवर नव्हती.

मराठीसाठी माझी सूचना 1989 च्या 'निवडुंग'ची आहे. संगीत पंडित हृदयनाथ मंगेशकर यांचे, आणि एकाच चित्रपटात सुरेश भटांचे 'केव्हातरी पहाटे', आरती प्रभूंचे 'तू तेव्हा तशी' आणि ग्रेस यांचे 'घर थकलेले संन्यासी'. आरती प्रभू 1976 मध्येच गेले होते, तेव्हा त्यांच्या कवितेचा चित्रपटासाठी लिहिण्याशी काही संबंधच नव्हता, ती कविता म्हणूनच जन्माला आली. ग्रेस यांची कविता वर्गात शिकवताना माझी पुष्कळ धांदल उडत असे, पण विद्यार्थ्यांपैकी कुणी ना कुणी ती चालीत गुणगुणू लागे आणि मग तास सोपा होई. हलकेफुलके गाणे घेतल्यानंतर लगेच हे घेऊ नका, एवढीच विनंती. मध्ये एखादे 'सर्जा'तले 'चिंब पावसानं रान झालं आबादानी' ठेवा. 1987 च्या या चित्रपटासाठी ना. धों. महानोर यांनी लिहिलेले हे गीत हृदयनाथांच्याच चालीत आहे आणि त्याचे मूळ शोधायला पळसखेड्याच्या शेताखेरीज कुठे जावे लागत नाही.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. प्राध्यापिका ताईंनी सुचवलेली दोन्ही मराठी गाणी घेत आहोत, आणि कीबोर्डवादक सरांच्या सूचनेप्रमाणे 'सदमा' व 'कलाकार' जोडीने ठेवत आहोत. सातपूरकरांना आश्वासन देतो की, जिथे चाल उचललेली आहे तिथे मूळ संगीतकाराचे नाव स्पष्टपणे घेतले जाईल, 'प्रेरणा' हा शब्द संहितेतून काढून टाकला आहे. आता 'हवा हवाई', 'एक दो तीन' आणि 'अश्विनी ये ना' या तिन्हींबद्दल कुणी सांगू शकेल काय? शिवाय आमच्या 'हवा हवाई' गाणाऱ्या ताईंचा एक प्रश्न आहे. ध्वनिमुद्रणात एका ठिकाणी शब्द नीट ऐकू येत नाही, वेबसाइटवरच्या शब्दांत 'जानू' आहे आणि कानाला मात्र 'जिनू' ऐकू येते. गावे काय?

कीबोर्ड_पंचवटी

'अश्विनी ये ना'विषयी थोडक्यात. चित्रपट 'गंमत जंमत', 1987, दिग्दर्शक सचिन, गीत शांताराम नांदगावकर यांचे, संगीत अरुण पौडवाल यांचे, आणि किशोरकुमार यांच्यासोबत गायिका अनुराधा पौडवाल. त्याच वर्षीच्या 13 ऑक्टोबरला किशोरकुमार गेले, त्यामुळे मराठीच्या वाट्याला त्यांची गाणी फारच थोडी आली. अरुण पौडवाल आणि अनिल मोहिले या जोडीने अनिल-अरुण या नावाने मराठीत जे काम केले, त्याआधी आणि त्याबरोबर ते दोघेही हिंदीत इतरांच्या गाण्यांचे संगीत संयोजन करत असत. संयोजक चालीला वाद्यांचे कपडे चढवतो, पण श्रेयनामावलीत त्याचे नाव बारीक अक्षरांत येते. जमल्यास या मंडळींसाठी दोन वाक्ये राखून ठेवा.

'एक दो तीन'च्या मुळाशी परदेशी काही नसून एक काम चालवण्यापुरती केलेली सोय आहे. 1988 च्या 'तेजाब'साठी चाल तयार झाली तेव्हा गीत लिहिलेले नव्हते. संगीतकार जोडीपैकी लक्ष्मीकांत यांनी चाल समजावी म्हणून तिच्यात आकडे भरून जावेद अख्तर यांना ऐकवली. अशा भरतीच्या शब्दांना संगीतकार मंडळी 'डमी' म्हणतात आणि खरे गीत आले की ते फेकून देतात. जावेद यांनी मात्र आकडेच ठेवायचे ठरवले, ते तेरापर्यंत नेले आणि तिथून प्रेयसीच्या वाट पाहण्याकडे वळवले. अलका याज्ञिक यांना या गाण्याने फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि नृत्यदिग्दर्शनाचा फिल्मफेअर पुरस्कार याच गाण्याच्या निमित्ताने सुरू होऊन सरोज खान त्याच्या पहिल्या मानकरी ठरल्या. चित्रपटाचे दिग्दर्शक एन. चंद्रा हे मराठीच, हेही सांगायला हरकत नाही.

'हवा हवाई'ही असेच तात्पुरत्या सोयीतून उभे राहिले. 'मिस्टर इंडिया' 1987 चा, संगीत पुन्हा लक्ष्मीकांत-प्यारेलाल, शब्द पुन्हा जावेद अख्तर. त्या काळात चित्रीकरणाची घाई असली की नव्या गायिकेच्या आवाजात गाणे करून घेत आणि नंतर नामांकित गायिकेकडून पुन्हा गाऊन घेत. कविता कृष्णमूर्ती यांनी हे गाणे त्याच पद्धतीने गायले होते, पुढे ते आशा भोसले यांच्या आवाजात व्हायचे होते. पण कवितांचा आवाज श्रीदेवींच्या अभिनयाला इतका चपखल बसला की तोच कायम ठेवण्यात आला. कविता कृष्णमूर्ती यांनीच मुलाखतींत सांगितले आहे की 'जानू' हा शब्द त्यांच्याकडून एका ठिकाणी 'जिनू' असा गायला गेला आणि तो तसाच राहिला, कारण आपण गातो ते तात्पुरते आहे असेच तेव्हा सर्वांना वाटत होते.

तेव्हा तुमच्या ताईंच्या कानात काही दोष नाही. माझे मत विचाराल तर त्यांनी 'जिनू'च गावे. सभागृहातल्या लोकांनी हे गाणे कॅसेटवर इतक्या वेळा ऐकलेले आहे की 'जानू' म्हटले तर पहिल्या रांगेतला कुणीतरी मध्यांतरात येऊन चूक दाखवील. निवेदन गाण्याच्या आधी करा, म्हणजे ती जागा आली की लोक कान टवकारून बसतील. आणि तालीम कुठे असते ते कळवा, पट्टी पाहून कीबोर्डवर काय काय लागेल ते आधी ठरवता येईल.